मालीश चालेल, पण पोटरीला कामाला लावा

टाचेमागची शीर कित्येक महिने दुखतेय, मालीश केली की दोन दिवस बरं, मैदानात उतरलं की पुन्हा तेच, असं फोंड्याच्या एका दादांनी लिहिलंय. होणारच. चोळण्याने कळ दबते, पण अ‍ॅकिलिस टेंडनला (म्हणजे टाचेमागच्या याच शिरेला) धावण्याचा भार पेलायची ताकद त्यातून येत नाही.

स्वीडनचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेला व्यायाम बिनखर्चाचा आहे. घरासमोरच्या चिऱ्याच्या पायरीवर (पावसात शेवाळ धरलेलं असतं, तेव्हा आतली पायरी बघा) चवडा टेकवा, टाच बाहेर. दोन्ही पायांनी टाचा वर उचला, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली उतरवा. पुन्हा वर येताना बऱ्या पायाने. १५चे तीन सेट गुडघा ताठ ठेवून, तीन किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. थोडं दुखणारच, तेवढं चालतं. सोपं वाटलं की पाठीला वजनाची सॅक. कंटाळवाणं आहे, म्हणूनच बहुतेक जण मध्येच सोडतात.

मात्र दुखणं अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून चवड्यावर उभंच राहता येईना, तर मालीश-व्यायाम दोन्ही बंद. टेंडन तुटलेलं असू शकतं. त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या अस्थितज्ज्ञाला दाखवा.

दादा, अलीकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या होत्या का? त्यानेही टेंडन दुखावतं, डॉक्टरांना जरूर सांगा.