पाहिलेल्या लिंकचा जांभळा रंग जवळपास निळाच करून टाकलाय. ही तक्रार क्षुल्लक आहे का?

तळटीप (प्रश्न)

मी मुद्रितशोधनाचं आणि संदर्भ तपासण्याचं काम करते. लेखकानं एखादं साल, नाव किंवा आकडा लिहिला असेल तर तो खरा आहे का, हे शोधायचं. त्यामुळे दिवसभर सर्च इंजिन उघडंच असतं. मी जे वापरते त्याचं नाव इथे घेत नाही, पण त्यांनी नुकतंच निकालांचं पान जरासं बदललं. शोधपेटीचे कोपरे आणखी गोल केले, दोन निकालांमधली मोकळी जागा वाढवली, वेबसाइटचा पत्ता शीर्षकाच्या वर नेऊन फिकट राखाडी केला. आणि पाहून झालेल्या लिंकचा जांभळा रंग इतका निळसर केला की स्क्रीनकडे तिरकं पाहिलं तर फरक कळतच नाही.

कोपऱ्यांशी माझं काही भांडण नाही. मोकळ्या जागेमुळे स्क्रोल जास्त करावं लागतं, तेही चालवून घेईन. पण जांभळा रंग माझ्या कामाचा भाग आहे. एकच गोष्ट मी पाच वेगवेगळ्या शब्दांत शोधते: कधी नाव आधी, कधी साल आधी, कधी इंग्रजी स्पेलिंग बदलून. दर वेळी तीच चार-पाच पानं उलटसुलट क्रमानं वर येतात. जांभळी म्हणजे बघून झाली, निळी म्हणजे अजून बाकी. हे मला वाचावं लागत नव्हतं, नजरेलाच कळायचं. आता तेच पान पुन्हा उघडलं जातं आणि दोन परिच्छेद वाचल्यावर कळतं की हे सकाळीच झालंय.

या बदलावरच्या प्रतिक्रिया वाचल्या तर दोनच तट दिसतात. एक म्हणतो, किती घाण दिसतंय, जुनं परत द्या. दुसरा म्हणतो, बदल झाला की लोक ओरडतातच, दोन आठवड्यांत विसरतील. माझं म्हणणं दोन्हीत बसत नाही. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. अशा आरडाओरड्यानं कधी काही बदललंय का? आणि नुसती सवय मोडल्याचा त्रास कुठला आणि खरंच काही हरवल्याचा कुठला, हे ओळखायचं कसं?

साधी_राहणी

तळटीप, तुमचा त्रास खोटा आहे असं मी म्हणणार नाही, पण बहुतेक वेळा सवय होते हेही खरं. सप्टेंबर २०१५ मध्ये गुगलनं लोगोची अक्षरं बदलली, टोकांना बारीक रेघा असलेली जुनी अक्षरं जाऊन साधी गोलसर आली. तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली होती! आज जुना लोगो समोर आला तर तोच परका वाटतो. मी असल्या बदलांवर महिनाभर काहीच बोलत नाही. महिन्यानंतरही खुपत असेल तरच लिहितो.

चौथा_पिक्सेल

मी वेबसाइटचे इंटरफेस बनवतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जरा लांब लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदललंय. १० जून २०१० ला गुगलनं आपल्या पांढऱ्या होमपेजवर मोठी रंगीत छायाचित्रं लावली. बेत २४ तासांचा होता. हे का केलंय ते सांगणारी लिंक एका बिघाडामुळे बहुतेकांना दिसलीच नाही, आणि लोक गुगलवरच शोधायला लागले की हे चित्र काढायचं कसं. ठरलेली वेळ संपायच्या आधीच चित्रं उतरवली गेली.

ते प्रकरण डोळ्यांना खुपणाऱ्या गोष्टीचं होतं, शोधपेटी जिथल्या तिथे होती. जानेवारी २०२० चं प्रकरण वेगळं, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. गुगलनं डेस्कटॉपवर प्रत्येक निकालाच्या शेजारी त्या वेबसाइटचं छोटं चिन्ह दाखवायला सुरुवात केली. जाहिरातींच्या बाबतीत त्याच जागी, तेवढ्याच आकारात, काळ्या अक्षरांत ‘ॲड’ असा शब्द आला. वरवर पाहता सजावट. पण आता जाहिरात आणि खरा निकाल एकाच साच्यातले दिसू लागले. लोकांनी नेमकं यावर बोट ठेवलं. साधारण दीड आठवड्यात गुगलनं जाहीर केलं की चिन्हांच्या जागेबाबत वेगवेगळे प्रयोग करून पाहू, आणि डेस्कटॉपवरून ती चिन्हं बऱ्याच जणांना दिसेनाशी झाली.

तो राग एका दिवसाचा नव्हता, हेही सांगायला हवं. पूर्वी जाहिरातींच्या मागे अख्खा रंगीत पट्टा असायचा. तो हळूहळू फिका होत गेला. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, सर्च इंजिन कंपन्यांना पत्र लिहून बजावलं की जाहिराती स्पष्टपणे वेगळ्या दिसल्या पाहिजेत. मागचा रंग फिका होत चालल्याची दखलही त्यात होती. पुढे पट्टा गेला आणि पिवळं लेबल आलं. २०१६ मध्ये ते हिरवं झालं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्याच रंगाचं. २०१७ मध्ये आतला रंग जाऊन नुसती हिरवी चौकट उरली. यातला कुठलाही एक बदल घ्या, मामुलीच वाटेल. सगळे ओळीनं लावले की दिशा दिसते. २०२२ मध्ये मात्र ‘स्पॉन्सर्ड’ हा शब्द ठळक अक्षरांत स्वतंत्र ओळीवर आला, आणि तो मला आधीपेक्षा बराच प्रामाणिक वाटतो.

त्यामुळे माझी कसोटी अशी: बदलाआधी ते पान मला एखादी गोष्ट सांगत होतं का, आणि आता ती सांगायचं थांबलंय का? गोल कोपरे काहीच सांगत नव्हते. जाहिरातीचा पट्टा सांगत होता, तुमचा जांभळा रंगही सांगत होता. पाहिलेल्या लिंकचा रंग वेगळा ठेवा, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००४ मध्येच ठासून लिहिलं होतं.

यात एक तांत्रिक बाबही आहे. तुम्ही आधी कुठली पानं पाहिलीत हे कुठल्याही वेबसाइटला लिंकच्या रंगावरून चोरून कळू नये म्हणून २०१० पासून ब्राउझरांनी पाहिलेल्या लिंकच्या सजावटीवर कडक बंधनं घातली. तिथे फक्त रंग बदलता येतो. अक्षर जाड करणं, पुढे बरोबरची खूण लावणं, यातलं काहीही चालत नाही. म्हणजे ‘हे बघून झालंय’ असं सांगायला जवळपास रंग हा एकच मार्ग उरतो. तोच पुसला तर दुसरी सोय नाही.

आणि ‘एवढ्याशा रंगछटेनं काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांनी गुगलमधलीच गोष्ट आठवावी. डग्लस बोमन हे तिथले डिझायनर २००९ मध्ये बाहेर पडले तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की निळ्याच्या दोन छटांपैकी एक ठरेना, म्हणून मधल्या ४१ छटा तपासल्या जात आहेत. पुढे २०१४ मध्ये गुगलच्याच एका अधिकाऱ्यानं सांगितलं की जाहिरातींच्या लिंकसाठी योग्य निळा निवडल्यामुळे वर्षाला २० कोटी डॉलरचं जादा उत्पन्न मिळालं. ज्या छटेवर कंपन्या इतका जीव टाकतात, ती वाचणाऱ्यानं मनाला लावून घेऊ नये, हे मला अजिबात पटत नाही.

शिवाय कंपनीनं नव्या डिझाइनच्या चाचणीत नुसते क्लिक मोजले तर तळटीप यांनी तेच पान दुसऱ्यांदा उघडणं हा आकड्यांत फायदाच दिसेल. त्यांचा वाया गेलेला वेळ त्या तक्त्यात कुठे येणार?

साधी_राहणी

जाहिरातींचे टप्पे असे ओळीनं कधी पाहिले नव्हते. लोगोबद्दलचं माझं मत कायम आहे, पण लोगो आणि लेबल एका मापानं मोजू नयेत, हे मान्य.

कानानं_वाचतो

मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो, म्हणून माझी बाजू थोडी वेगळी. रंग, कोपरे, मोकळी जागा यांचा मला काहीच फरक पडत नाही. मी एच ही कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उड्या मारत जातो. निकालाचं नाव कोडमध्ये शीर्षक म्हणून लिहिलेलं असेल तर दहा निकाल ऐकायला अर्धा मिनिटही लागत नाही. नव्या डिझाइनमध्ये कुणी त्याला नुसता मोठ्या अक्षरांतला मजकूर करून टाकलं, तर दिसणाऱ्याला पान जसंच्या तसं दिसेल आणि माझ्यासाठी मात्र निकालच नाहीसे होतील. मग एकेक ओळ ऐकत खाली यायचं: मेनू, फिल्टर, ‘लोक हेही विचारतात’, सगळं.

असा बदल झाला की त्यावर कुठे गदारोळ होत नाही, कारण स्क्रीनशॉट काढून दाखवण्यासारखं काही नसतं. म्हणून तळटीपताई, तुम्ही लिहाच. आणि ‘जुनं परत द्या’ असं लिहू नका. मी आजवर पाठवलेल्या अभिप्रायांपैकी ज्यांची दखल घेतली गेली, ते सगळे असेच होते: मी काय करत होतो, कुठली कळ दाबली, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आवडनिवड त्यात नव्हती.

चौथा_पिक्सेल

शीर्षकांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आमच्या टीममध्ये डिझाइन बदलताना आधीचं आणि नंतरचं पान शेजारी ठेवून बघतात, पण ते फक्त डोळ्यांनी. उद्यापासून शीर्षकांची यादीही शेजारी ठेवायला लावतो.

तळटीप, तक्रार पाठवण्यापूर्वी एक तपासून घ्या. २०२५ मध्ये क्रोमनं १३६ व्या आवृत्तीपासून नियम बदललाय: तुम्ही ज्या वेबसाइटवरून लिंक दाबली असेल, तिथेच ती ‘पाहिलेली’ दिसते. दुसरीकडून उघडलेलं पान सर्चच्या निकालांत जांभळं दिसणार नाही. तो बदल ब्राउझरचा आहे, सर्च इंजिनचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच तक्रारीत मिसळल्या तर पलीकडचा माणूस ती बाजूला ठेवून देईल.

तोवर सोय हवी असेल तर स्टायलस नावाचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आहे. त्यात एखाद्या साइटपुरता पाहिलेल्या लिंकचा रंग हवा तो ठेवता येतो. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्येही लिंकचे रंग बदलता येतात, पण ते सगळ्याच साइटना लागू होतात आणि बरीच पानं उघडीबोडकी दिसतात.

तळटीप

तपासलं. मी सर्चच्या निकालांतूनच उघडलेल्या लिंक घेतल्या, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत पाहिलं. लिंक ‘पाहिलेली’ म्हणून नोंदली जातेय, रंगही बदलतोय, फक्त तो बदल डोळ्यांना जाणवेल इतका नाही. म्हणजे प्रश्न छटेचाच आहे.

कानानं_वाचतो यांच्या सल्ल्याप्रमाणे अभिप्राय असा पाठवलाय: ‘एकच संदर्भ वेगवेगळ्या शब्दांत शोधताना पाहिलेले आणि न पाहिलेले निकाल वेगळे ओळखता येत नाहीत. आधी येत होते. सोबत एकाच शोधाचे बदलाआधीचे आणि नंतरचे दोन स्क्रीनशॉट आहेत. पाहिलेल्या लिंकचा रंग निळ्यापासून स्पष्ट वेगळा ठेवावा.’ कोपऱ्यांचा आणि मोकळ्या जागेचा उल्लेख मुद्दाम टाळला. आधीचा स्क्रीनशॉट माझ्या कामाच्या फाइलमध्ये होताच.

स्टायलसमध्ये तपकिरी रंग ठेवलाय. जांभळ्यापेक्षाही चटकन डोळ्यांत भरतो, दुपारपासून एकही पान दोनदा उघडलेलं नाही. पण हे कॉम्प्युटरवरच. प्रवासात फोनवर तपासायची वेळ येते तेव्हा काय करायचं? फोनच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाही. कुणी दुसरा ब्राउझर वापरून हे जमवलं असेल तर नक्की सांगा.