शनिवारी सव्वासहाला ही ‘गोधडी’ कोण?

कृष्णाकाठची | ५ जून २०२५, रात्री ११.४०

मंडळी, इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाचं वेळापत्रक लागलं. पिरॅमिड स्टेज (तिथला मुख्य मंच), शनिवार २८ जून: जॉन फोगर्टी, मग संध्याकाळी सव्वासहाला ‘पॅचवर्क’, मग रे, आणि रात्री नील यंग. आता हे पॅचवर्क कोण? कुणा नवख्या पोरांना फोगर्टी आणि रे यांच्या मधे कुणी उभं करणार नाही. म्हणजे टोपणनाव आहे, एवढं नक्की.

पॅचवर्क म्हणजे आपली गोधडी. आमच्या सांगलीकडे वाकळ. आजी जुनेरांची शिवायची, वर लुगड्याचा काठ, आत काकांचं धोतर. त्यामुळे नाव वाचल्या वाचल्या माझ्या मनात आलं ते हेच, की जुनेच तुकडे नव्याने शिवून आणतायत. म्हणजे पुन्हा एकत्र आलेला बँड. आणि माझं मत शेफिल्डचा पल्प.

नवऱ्याचं मत ओअ‍ॅसिस. तेही पुन्हा एकत्र आलेले. त्याचा हिशोब असा: ४ जुलैला त्यांचा कार्डिफला पहिला कार्यक्रम, मग आदल्या शनिवारी रंगीत तालीम नको का? मी सांगितलं, अरे, गेल्या ऑगस्टमध्येच त्यांनी जाहीर केलंय की ग्लास्टनबरीला येणार नाही, दुसऱ्या कुठल्या फेस्टिव्हललाही नाही. तर म्हणतो, ‘लग्नाआधी तूही मला दोनदा नाही म्हणाली होतीस.’ आता याला काय उत्तर द्यायचं?

पल्पचं माझ्या डोक्यात का बसलंय ते सांगते. १९९७ ला पुण्यात हॉस्टेलवर होते. रूममेटच्या मामेभावाने लंडनहून त्यांची कॅसेट आणली होती. ती आमच्या टेपने दुसऱ्याच आठवड्यात खाल्ली. मी पेन्सिलीने फीत गुंडाळून, तुटलेल्या जागी सेलोटेप लावून पुन्हा चालू केली. अजून त्यातलं ‘कॉमन पीपल’ रेडिओवर लागलं की त्या जागी मला अर्ध्या सेकंदाची उडी ऐकू येते.

आणि २०११ चं दुःख. त्या वर्षी पार्क स्टेजवर शुक्रवारी रेडिओहेड न सांगता आले, शनिवारी पल्प. मी तिथे होते! म्हणजे मैदानावर होते. चिखल एवढा की बूट पायातून निघेनात. ‘दहा मिनिटं पाठ टेकते’ म्हणून तंबूत गेले, बूट काढले, संपलं. जाग आली ती बाहेरून लोक ‘कॉमन पीपल’ ओरडत परत चालले होते तेव्हा. चौदा वर्षं झाली, घरात कुणी डुलकी काढली की नवरा म्हणतो, ‘पल्प आले का?’

तर प्रश्न: तुम्हाला कोण वाटतं? आणि फोगर्टीच्या आधीपासून पुढे जागा धरून बसावं का? एकदा पुढे घुसलं की टॉयलेटचा विषय संपतो आणि मी आता ४७ ची आहे. पैज लागलीय, हरेल त्याने सोमवारी एकट्याने तंबू काढायचा.

कॅसेटवाला, डोंबिवली | ६ जून, सकाळी ८.१५

ताई, पल्पच. तंबू नवऱ्याच्या खांद्यावर.

आजच त्यांचा ‘मोअर’ आलाय. आधीचा अल्बम २००१ चा, म्हणजे चोवीस वर्षांनी. पण खरा पुरावा तारखेत आहे. २४ जून १९९५, ग्लास्टनबरीचा शनिवार. मुख्य बँड स्टोन रोझेस. त्यांचा गिटारवाला जॉन स्क्वायर सायकलवरून पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. ऐन वेळी पल्पना बोलावलं. पंधरा-सोळा वर्षं शेफिल्डमधे घासत होते हे लोक, आणि त्यांचा गायक जार्व्हिस कॉकर एका रात्रीत घराघरांत पोहोचला. त्याला या महिन्यात बरोब्बर तीस वर्षं होतात. तोच मुक्काम, तोच वार, तोच स्टेज. पत्रिका जुळवायला आणखी काय लागतं?

त्यांची कीबोर्डवाली कॅन्डिडा डॉइल मुलाखतीत म्हणाली, की तीस वर्षं झाली म्हणून आम्हाला वाजवायचं होतं, पण आयोजकांना रस नव्हता. वाचलं आणि माझी खात्रीच पटली. खरंच नकार मिळालेला माणूस इतक्या सहज सांगत नाही.

अवांतर: गंमत म्हणजे या फेस्टिव्हलचा जन्मच बदली कलाकारावर झालाय. १९७० ला मायकेल ईव्हिस यांनी स्वतःच्या शेतावर पहिला भरवला, तिकीट एक पाउंड, वर गोठ्यातलं दूध फुकट. किंक्स यायचे होते, आले नाहीत. मग मार्क बोलनचा टी रेक्स आला.

तर्कटराव | ६ जून, दुपारी १.०५

पल्प हे उत्तर इतकं सरळ आहे की मला ते पटत नाही.

अशा वेळी नावाचा अर्थ लावत बसू नये, दौऱ्याची तारीखवही उघडावी. त्या शनिवारी कोण मोकळं आहे? आदल्या आणि दुसऱ्या दिवशी कोण इंग्लंडच्या आसपास आहे? नवा अल्बम कुणाचा येतोय? या गाळणीतून ओअ‍ॅसिस पहिल्याच झटक्यात खाली पडतात. ज्यांची स्टेडियमं भरलीत ते त्याच आठवड्यात इथे येऊन स्वतःच्याच तिकिटाची हवा का काढतील? भाऊजींना सांगा, तालीम बंद खोलीत करतात.

२०२३ ला शुक्रवारी याच सव्वासहाला ‘द चर्नअप्स’ नावाचा बँड लावला होता. निघाले फू फायटर्स. पण त्याआधी त्यांच्या डेव्ह ग्रोलने चाहत्यांना पत्र लिहिलं होतं, त्यात मन घुसळून निघाल्याची भाषा होती आणि इंग्रजी शब्द नेमका तोच, ‘चर्न’ म्हणजे घुसळणं. म्हणजे खूण असते, पण ती बँडच्या तोंडून येते, आपल्या आजीच्या गोधडीतून नाही. (ताई, राग नसावा.)

माझा अंदाज हाइम. तीन बहिणी, तीन तुकडे, अल्बम २० जूनला. वेळापत्रकात अशी चार-पाच निनावी कोडी घातलीत, त्यात त्या कुठेतरी असणारच.

बाकी जागेचं म्हणाल तर फोगर्टीच्या आधी जाच. गेल्या आठवड्यात ऐंशीचे झाले. क्रीडन्स या त्यांच्या जुन्या बँडची गाणी त्यांच्याच तोंडून, ती ऐकण्यासाठी तरी जा. गोधडी निघो नाहीतर चादर.

कॅसेटवाला, डोंबिवली | ६ जून, दुपारी १.३०

तर्कटराव, तुमच्या वहीत तीस वर्षांची आठवण कुठल्या रकान्यात लिहितात?

तर्कटराव | ६ जून, दुपारी १.४२

खर्चाच्या.

मुक्काम पोस्ट सदाशिव | ७ जून, सकाळी ७.२०

बाळबोध प्रश्न. कोण गाणार हे माहीत नसताना तिकीट काढता? किती असतं?

कृष्णाकाठची | ७ जून, सकाळी १०.००

काका, ३७३ पाउंड ५० पेन्स, वर पाच पाउंड बुकिंगचे. आपले चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. आणि हो, नोव्हेंबरमधे विकतात, तेव्हा एकही नाव जाहीर नसतं. साधारण ३५ मिनिटांत संपली. मी एका लॅपटॉपवर, नवरा दुसऱ्यावर, पोरगी फोनवर, कुकरच्या शिट्ट्या मोजायला कुणी नाही. त्या दिवशी डाळीची खळ झाली.

मुक्काम पोस्ट सदाशिव | ७ जून, दुपारी १२.१०

चव्वेचाळीस हजार! बरं, बरं.

आम्ही सवाईचे लोक. आमच्याकडे नावं आधी छापून येतात आणि मग ‘हे का ते का नाही’ यावर महिनाभर भांडण. तरी अनपेक्षित म्हणाल तर २००७. आजारपणानंतर भीमसेनजी रमणबागेत गायला बसले. दुपारपासून आमच्या रांगेत तीच कुजबुज, बसणार, नाही बसणार, डॉक्टर काय म्हणाले. जो तो आतल्या गोटातला. षड्ज लागला तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ थर्मासमधून चहा ओतत होते. त्यांनी झाकण तसंच धरून ठेवलं. संपूर्ण गाणं होईपर्यंत. चहा गार. तिथलं त्यांचं ते शेवटचं गाणं.

तुमच्या त्या मंडळींतलं मला एकही माहीत नाही, पण ताई, तुम्ही पुढे जाऊन बसा. आणि पाणी कमी प्या.

तर्कटराव | ७ जून, दुपारी १२.३५

काका, तुमच्या प्रतिसादाला +१, पाण्याच्या सल्ल्याला नाही. तिथे ऊन असलं तर चक्कर येऊन पडतील.

रिकामटेकडी | ९ जून, रात्री ९.५०

माझं मत स्मिथ्स. 😌

कॅसेटवाला, डोंबिवली | ९ जून, रात्री ९.५८

दरवर्षी कुणीतरी हे लिहितंच. बाई, त्यांचा गायक मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार एका स्टेजवर येणं म्हणजे भाऊबंदकीच्या दाव्यात आपसात तडजोड होणं. बासवाला अँडी रुर्क २०२३ च्या मेमधे गेला, त्यामुळे आता चौघं कधीच नाहीत. त्याच वर्षी तिथे ब्लॉसम्स बँडला घेऊन रिक अ‍ॅस्टलीने स्मिथ्सची गाणी गायली आणि लोकांनी ती चक्क डोक्यावर घेतली. त्यात समाधान माना.

कृष्णाकाठची | १ जुलै, रात्री १०.१५

काल रात्री परतलो. पाठ कामातून गेलीय. आधी निकाल: पल्प!!!

आता शुक्रवारपासून सांगते, कारण तिथे माझी पुन्हा फजिती झाली. सकाळी वुडसीज नावाच्या स्टेजच्या तंबूत लॉर्ड ही गायिका न सांगता आली, त्याच दिवशी निघालेला अख्खा अल्बम गायली. ते मिळालं. खूश होऊन मी ठरवलं, आता शनिवारसाठी ताकद राखायची. पिरॅमिडला पाचच्या सुमारास एक निनावी जागा होती, तिथे नवऱ्याला पाठवलं आणि मी पाण्याच्या नळावर रांगेत. चार बाटल्या, पुढे पन्नास माणसं. तेवढ्यात टेकडीपलीकडून जी आरोळी आली!

गायक लुईस कॅपाल्डी. २०२३ ला याच स्टेजवर त्याचा आवाज गेला होता, टुरेट या आजाराचे झटके येत होते आणि शेवटचं गाणं लोकांनीच पुरं केलं होतं. त्यानंतर दोन वर्षं तो मोठ्या मंचावरून गायब. परत आला तो इथेच, आणि गाणं पुरं करून गेला. हे सगळं मला कळलं नवऱ्याकडून. रात्री तंबूत आला तेव्हा त्याचा घसा बसलेला. डोळ्यांबद्दल विचारलं तर म्हणे धूळ गेली. मी तेव्हा दुसरी बाटली भरत होते.

शनिवारी मग फोगर्टीच्या आधीच आजीची वाकळ अंथरून बसले, उजवीकडच्या कठड्यापासून वीसेक हात. बूट काढले नाहीत. ऊन मरणाचं. तर्कटराव, फोगर्टीबद्दल तुमचे उपकार. शेजारी शेफिल्डचा एक साठीचा गृहस्थ, १९९५ ला इथेच होता म्हणे. त्याला मी ‘कोण येणार’ विचारलं तर नुसता वाकळीकडे बघून हसला.

सव्वासहा. स्टेजवर प्लॅस्टिकचे रेनकोट घातलेली माणसं येऊन ओळीने उभी राहिली. एवढ्या उन्हात! नवरा म्हणाला, ‘हे ओअ‍ॅसिस नाहीत.’ पडद्याआडून जार्व्हिसची ती लांब, वाळक्या शेंगेसारखी आकृती दिसली आणि मला पुढची दोन मिनिटं आठवत नाहीत. पहिलं गाणं १९९५ ला इथेच पहिल्यांदा गायलेलं. शेफिल्डवाल्याने टोपी काढून छातीशी धरली, राष्ट्रगीत असल्यासारखी.

शेवटी ‘कॉमन पीपल’. मधेच डोक्यावरून हवाई दलाची रेड अ‍ॅरोज विमानं घरघरत गेली. मी मान वर करेपर्यंत लांब गेली होती. आणि काय सांगू, हॉस्टेलवरच्या त्या सेलोटेपच्या जागी मी सवयीने अर्धा सेकंद थांबले. बाकीचं मैदान थांबलं नाही.

तर्कटराव, हाइमही त्याच संध्याकाळी पार्क स्टेजवर आल्या. तुम्ही अर्धे पास.

तर्कटराव | १ जुलै, रात्री १०.४०

कुठेतरी असणारच असं लिहिलं होतं. लेखी आहे. तंबू कुणी काढला?

कृष्णाकाठची | १ जुलै, रात्री १०.५२

नियमाने त्याने काढायचा होता. पण तो म्हणाला, शुक्रवारचं मी पाहिलं आणि तू नाहीस, म्हणजे एक-एक बरोबरी. शेवटी दोघांनी मिळून काढला. एक खुंटी मातीतच राहिली.

आता नवीन प्रश्न: वाकळीवर कुणीतरी सायडर (सफरचंदाची दारू) सांडली. दोनदा धुतली, वास जात नाही. काही उपाय?

मुक्काम पोस्ट सदाशिव | २ जुलै, सकाळी ७.०५

व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवा. मग कडक उन्हात दोन दिवस. तुमच्या ब्रिस्टलला मिळालं तर.