टाइट हौशी खेळाडूने री-रेझ केला, एक्का-राणी टाकायची का?

बदामराणी
पोकर, नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये पाच सामाईक), कॅश गेम, दोघांकडे १००-१०० बिग ब्लाइंड (डावाआधीची सक्तीची बेट; पुढच्या सगळ्या रकमा याच मापात). बटनवर (शेवटी चाल करायच्या जागेवर) एक्का-राणी ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांची) आली, तुम्ही रेझ करून ३ केले. बिग ब्लाइंड भरणाऱ्या जागेवर एक हौशी खेळाडू आहे, टाइट: बहुतेक वेळा पत्ते टाकतो (डाव सोडतो), बरं काही आलं तर कॉल करतो (तेवढेच पैसे भरतो), री-रेझ (रेझवर पुन्हा रेझ) क्वचितच. आज त्याने ११ केले. माझं ठाम मत आहे, पत्ते टाका.

अशा माणसाचा री-रेझ म्हणजे एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी किंवा एक्का-राजा. दोन पत्त्यांच्या शक्य अशा १,३२६ कॉम्बोंपैकी ३४, जेमतेम अडीच टक्के. तुमच्या हातातल्या दोन पत्त्यांमुळे उरतात २४, आणि त्यातले १२ एक्का-राजा. आणखी ८ घालून पॉट (मधली एकूण रक्कम, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून) २२.५ होणार, म्हणजे साधारण ३६ टक्के इक्विटी (पॉट जिंकण्याची सरासरी शक्यता) हवी. तुमच्याकडे आहे २४-२५.

बरं, राणी लागली म्हणून तरी काय? एक्का-राजावाला पत्ते टाकून मोकळा होतो. जो पैसे घालत राहतो त्याच्याकडे एक्के किंवा राजे असतात. एक्का लागला तर एक्का-राजा पुढे. आपला फ्लॉप (पहिले तीन सामाईक पत्ते) जुळतो तेव्हाच आपण जास्त हरतो.

शेवटची_चाल
एक्का-राणीपुरतं मान्य. पण हाच नियम लावून लोक दश्श्यांची जोडीसुद्धा फेकतात, ते मला अजिबात पटत नाही. त्याच रेंजसमोर (त्याच्याकडे असू शकणाऱ्या पत्त्यांसमोर) दश्श्यांना ३६ टक्के आहेत, म्हणजे कॉलचा खर्च तिथेच निघतो. वर पोझिशन आपली, म्हणजे त्याच्यानंतर चाल आपली. एक्का-राजाला तीनपैकी दोन वेळा फ्लॉपवर जोडी लागत नाही, आणि हा माणूस लागली नाही की चेक करतो (बेट न लावता चाल पुढे देतो). ८-६-२ आला, त्याने चेक केलं, आपण अर्ध्या पॉटची बेट लावली, तो गेला. त्याने जोरात बेट लावली तर आपण गेलो. इतकं सरळ खेळणारा समोर असताना फ्लॉप न बघताच पळायचं?

किलवर_सत्ती
दोघंही बचावाचंच बोलताय. सूटेड (एकाच चिन्हाची) एक्का-पंजी घेऊन त्याच्या ११ वर २४ करा. हातात एक एक्का असला की त्याच्या एक्क्यांच्या जोड्या ६ वरून ३ वर येतात, एक्का-राजा १६ वरून १२ वर. एकूण २७ कॉम्बो उरले, त्यात राण्या आणि एक्का-राजा मिळून १८. टाइट माणूस घाबरट असतो. फोर-बेट (री-रेझवर आणखी एक रेझ) दिसली की एक्क्यांची किंवा राजांची जोडी सोडून बाकी सगळं टाकेल. ब्लफला ५९ टक्के फोल्ड (समोरच्याने पत्ते टाकणं) पुरतात, इथे ६७ मिळतात.

बदामराणी
किलवर_सत्ती, हिशोब बरोबर आहे, माणूस चुकलाय. तुमच्या गणितात त्याने राण्या *आणि* एक्का-राजा दोन्ही टाकायला हवेत. फक्त एक्का-राजा टाकला तर ४४ टक्के, फक्त राण्या टाकल्या तर २२. पत्ते टाकत बसलेल्या माणसाला इतक्या वेळाने राण्या आल्यात, त्या तो तुमच्या २४ ला सोडणार नाही. तो री-रेझ करताना घाबरट असतो, एकदा पैसे घातले की नाही. टाइट हौशी आणि टाइट सराईत यांच्यातला सगळ्यात मोठा फरक हाच, आणि तुमचा ब्लफ सराईतावर चालतो.

नवा_पत्ता
पण टाइट कशावरून ठरवलं? ही रेंज सरासरी ३९ डावांत एकदा येते. तासाभरात दोन री-रेझ दिसले तर पत्ते चांगले आले असतील, किंवा तो गुलामांची जोडी आणि सूटेड एक्का-राणीही खेळत असेल.

बदामराणी
शंका रास्त आहे. दोन्ही घालून बघा: एक्का-राणी ऑफसूट २९-३० टक्क्यांवर पोचते. तरी कमीच. आणि नुसते गुलाम वाढले तर शेवटची_चाल यांच्या दश्श्या ३३ वर घसरतात. रेंज रुंदावली म्हणजे आपलं भलं झालं असं नाही, ती कुठल्या पत्त्यांनी रुंदावली ते बघावं लागतं.

सेट_लागला
लहान जोड्यांचं कोणीच बोललं नाही. सेट (आपल्या जोडीचा तिसरा पत्ता) फ्लॉपवर साडेआठ वेळांत एकदा लागतो. म्हणजे ८ घालून कॉल करायचा तर प्रत्येक सेटमागे ६० मिळायला हवेत. १४.५ पॉटमध्ये आधीच आहेत, उरलेले ४५-४६ त्याच्या मागच्या ८९ मधून काढायचे. ३४ पैकी १८ वेळा त्याच्याकडे मोठी जोडी आहे, आणि हा गडी एक्के घेऊन कधी थांबत नाही. माझ्या मते पंजीच्या जोडीनेही कॉल करावा.

शेवटची_चाल
तो खरंच सगळा स्टॅक (समोरचे सगळे पैसे) देत असेल तरच. टर्नवर (चौथ्या सामाईक पत्त्यावर) रेझ आल्यावर राण्या टाकणारे हौशीही असतात, त्यांच्यासमोर हा कॉल तोट्यात जातो.

बदामराणी
म्हणूनच मी त्याच्या री-रेझच्या रकमेवर मर्यादा ठरवते. ११ असेल तर दश्श्यांनी कॉल, यात शेवटची_चाल बरोबर आहेत. त्याने १४ केले की ३९ टक्के लागतात आणि सेटमागे ८६ पैकी ६५ काढावे लागतात. तिथे दश्श्याही जातात, पंज्याही जातात. राण्या असल्या तर मी कॉल करते, फोर-बेट नाही. त्याच्या रेंजसमोर त्या ४० टक्के आहेत, आणि माझी फोर-बेट बघून तो जे टाकेल ते त्याने टाकायला मला नकोच आहे.