काउंटीकडे रस्त्याच्या कामाची बिलं मागितली तर ६१२ डॉलरचं एस्टिमेट आलं, मदत हवी आहे (टेक्सास)

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या ग्रुपमध्ये काढला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा. शुक्रवारपर्यंत मला लेखी उत्तर द्यायचंय आणि काय लिहू ते कळत नाहीये, म्हणून घाईत लिहितेय. लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर राहतो, म्हणजे पत्त्यात शहराचं नाव आहे पण महापालिका नाही, रस्ते, चर, शेरीफ सगळं काउंटीकडे. घर घेऊन चार वर्षं झाली. आमच्या वस्तीतून हायवेला जाणारा एकच रस्ता आहे, तो दोन मोठ्या पावसांत कडेने वाहून गेला कारण रस्त्याखालून पाणी जायला जे पाईप असतात, कल्व्हर्ट, ते बुजलेले होते. तक्रार केली तर म्हणाले तुमच्या भागाच्या कमिशनरच्या ऑफिसला विचारा, आणि तिथे फोन केला तर सांगितलं की या रस्त्याचं ड्रेनेजचं काम २०२३ मध्येच पूर्ण झालंय, पैसेही दिले गेलेत. मी रोज त्या रस्त्यावरून मुलाला शाळेत सोडते हो. काम झालं असतं तर मला दिसलं नसतं का?

मग मी कमिशनर्स कोर्टाच्या मीटिंगचे जुने व्हिडिओ बघायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाव कोर्ट असलं तरी ती आपल्या जिल्हा परिषदेसारखी सभा असते, चार कमिशनर आणि एक काउंटी जज, हे पाच जण काउंटीचं बजेट ठरवतात. बिलं मंजूर करायचा विषय आला की एक जण मांडतो, एक अनुमोदन देतो, सगळे हात वर करतात आणि एक मिनिटाच्या आत संपतं. पण अजेंड्यासोबत बिलांची यादी पीडीएफमध्ये लावलेली असते, ती मी उतरवून घेतली आणि तीन रात्री बसून एक्सेलमध्ये भरली. एकाच कॉन्ट्रॅक्टरला ४७,८००, ४९,३५० आणि ४८,९०० डॉलर. तिन्ही पाच आठवड्यांच्या आत, तिन्हींच्या पुढे आमच्याच रस्त्याचं नाव. नंतर वाचलं की त्या वेळी काउंटीला ५०,००० डॉलरच्या वरच्या खरेदीला टेंडर काढावं लागायचं. तिन्ही बिलं त्याच्या खाली.

मागच्या शनिवारी मी आणि शेजारच्या आजी टेप घेऊन तो रस्ता चाललो. सात जागी कल्व्हर्ट आहेत. दोन ठिकाणी पन्हाळी पत्र्याचा नवा पाईप, अजून चकचकीत, एकावर कारखान्याचं स्टिकरसुद्धा तसंच. बाकी पाच ठिकाणी जुने सिमेंटचे, एकात तर अर्ध्यापर्यंत माती भरून वर गवत उगवलंय.

कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाहीये, खरंच नाही. मला फक्त बिलात काय लिहिलंय ते बघायचंय. म्हणून पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्टखाली (टेक्सासचा माहिती अधिकार कायदा) ईमेल केला की या कॉन्ट्रॅक्टरची २०१९ पासूनची सगळी बिलं, परचेस ऑर्डर, करार आणि ईमेल द्या. नवव्या दिवशी उत्तर आलं, ३४ तासांचं काम, ताशी १५ डॉलर, ५१० झाले, त्यावर २० टक्के ओव्हरहेड, म्हणजे ऑफिसचा वरखर्च, १०२, एकूण ६१२, डिपॉझिट भरा, दहा कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर अर्ज मागे घेतला असं धरू. तो दहावा दिवस शुक्रवारी आहे.

प्रश्न तीन. एक, एवढे पैसे भरावेच लागतात का? दोन, बिलं बघून मला कळणार काय, नेमकं काय शोधायचं? तीन, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, मी त्याची बायको म्हणून एच-४ वर. तो म्हणतो आपण इथले नागरिक नाही, कशाला सरकारी लोकांच्या डोळ्यावर यायचं, ग्रीन कार्ड होऊ दे मग बघू. त्याची काळजी मला समजते आणि त्याच्याशी भांडायचं नाहीये, पण घराचा प्रॉपर्टी टॅक्स आम्हीही तेवढाच भरतो.

सातारी_माणूस:
ताई, सगळ्यात आधी नवऱ्याची काळजी दूर करा. टेक्सासच्या कायद्यात कागद मागायला नागरिक असण्याची अट नाही. शिवाय तुम्ही कागद कशासाठी मागताय हे विचारायची ऑफिसला बंदी आहे. हे सगळ्या राज्यांत नाही हं, व्हर्जिनियात फक्त त्या राज्याच्या नागरिकालाच हक्क आहे आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चालेल म्हणून निकालही दिलाय. तुम्ही टेक्सासमध्ये आहात, बिनधास्त मागा.

राऊंडरॉककर:
आता पैशाचं. ६१२ भरू नका, पण गप्पही बसू नका, गप्प बसलात की अर्ज गेला. लेखी उत्तरात तीनपैकी एक सांगायचं असतं, पैसे मान्य आहेत, किंवा मी मागणी बदलतेय, किंवा दर जास्त लावला म्हणून अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे, तक्रार केलीय. तुम्ही दुसरं करा. तुमची मागणी फार मोठी आहे, ईमेल शोधायचे तर तास वाढणारच, त्यात त्यांची चूक नाही. त्या तीन बिलांचे चेक नंबर तुमच्या पीडीएफमध्ये असतील, ते टाका आणि लिहा की फक्त या तीन पेमेंटची इन्व्हॉइस, परचेस ऑर्डर आणि काम बघितल्याची सही असलेला कागद हवा.

आणि महत्त्वाचं म्हणजे कॉपी मागूच नका, ऑफिसमध्ये येऊन बघते असं लिहा. नुसतं बघायला साधारण पैसे लावता येत नाहीत, एखाद्या पानावरचा गोपनीय मजकूर झाकावा लागला तर तेवढ्या पानाची कॉपी लावतात. पाच वर्षांपेक्षा जुने कागद असतील आणि तयारीला पाच तासांच्या वर लागत असतील तर मात्र बघायलाही डिपॉझिट मागू शकतात, त्यामुळे २०१९ काढून टाका, २०२३ एवढंच ठेवा.

पाऊसवेडी:
अरे देवा, ऑफिसात जाऊन फुकट बघता येतं हे मला कोणी सांगितलंच नाही. आमचे अण्णा गावाकडे हेच करायचे. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचे आणि पंचायत समितीत जाऊन दिवसभर दप्तर बघत बसायचे, डबा सोबत न्यायचे. म्हणायचे की झेरॉक्सवर विसंबू नये, मूळ रोकडवही बघावी, खाडाखोड फक्त मुळात दिसते. इतकी वर्षं झाली, आज आठवलं.

सिनसिनाटीचा_नाना:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. काउंटीचं दरवर्षी बाहेरच्या सीपीएकडून (आपल्याकडच्या सीएसारखा) ऑडिट होतं, रिपोर्ट वेबसाईटवर असतो. तीन बिलांसाठी एवढा खटाटोप कशाला?

निवृत्त_लेखापाल:
नाना, मी बावीस वर्षं अमेरिकेतल्या लोकल गव्हर्नमेंटच्या अकाउंटिंगमध्ये काढली, म्हणून सांगतो. वार्षिक ऑडिट म्हणजे आकडे एकूणात बरोबर मांडलेत का याचं मत असतं, प्रत्येक पाईप मोजत नाहीत. इलिनॉयमधलं डिक्सन घ्या, जेमतेम सोळा हजार वस्तीचं शहर. तिथली कॉम्प्ट्रोलर, म्हणजे शहराचे हिशोब सांभाळणारी अधिकारी, रीटा क्रंडवेलने १९९० पासून २०१२ पर्यंत ५३ मिलियन डॉलरच्या वर पैसे वळवले, दरवर्षी ऑडिट होत होतं, सह्या होत होत्या. सापडलं कसं तर ती सुट्टीवर असताना सिटी क्लर्कने बँकेची स्टेटमेंट मागवली आणि एक अनोळखी खातं दिसलं. एका माणसाने मूळ कागद बघितला, एवढंच. हे लिहितानाही मला त्रास होतो, कारण आमच्याच पेशाची चूक होती ती.

पाऊसवेडी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तीन बिलं ५०,००० च्या खाली असणं म्हणजे गुन्हा झाला असं नाही. तीन सरळ कारणं असू शकतात. वर्षाच्या सुरुवातीला फुटाच्या किंवा टनाच्या दराने टेंडर काढलेलं असतं आणि मग लागेल तशी ऑर्डर देतात, ते अगदी नियमात आहे. किंवा दुसऱ्या सरकारी संस्थेच्या को-ऑपरेटिव्ह करारातून खरेदी केलेली असते. किंवा पुरानंतर तातडीचं काम म्हणून कमिशनर्स कोर्टाने टेंडरमधून सूट दिलेली असते. तिन्हींचा कागद असतो, एक तर बिड टॅब्युलेशन (टेंडरमध्ये आलेल्या दरांचा तक्ता) नाहीतर मीटिंगचे मिनिट्स. तोच मागा. यातलं काहीच नसेल आणि एकच काम मुद्दाम तुकडे करून मर्यादेखाली बसवलं असेल तर मात्र टेक्सासमध्ये तो फौजदारी गुन्हा आहे. पण तो शब्द तुमच्या ईमेलमध्ये अजिबात आणू नका. आरोप दिसला की फाईल वकिलाकडे जाते आणि तुम्ही महिनोन्महिने थांबता.

अजून एक. काउंटी ऑडिटरला भेटा. टेक्सासमध्ये या माणसाला कमिशनर नेमत नाहीत, डिस्ट्रिक्ट जज, म्हणजे खऱ्या कोर्टातले न्यायाधीश, नेमतात, ते मुद्दामच, म्हणजे ज्यांची बिलं तपासायची त्यांच्या हाताखाली तो नसावा. बिल कोर्टासमोर जायच्या आधी त्याच्या ऑफिसातून तपासून जातं. म्हणजे तुमची तीन बिलं तिथल्या कोणीतरी बघितलेली आहेत. सरळ विचारा, ही खरेदी कुठल्या करारावर झाली? माझा अनुभव असा की ऐंशी टक्के वेळा पाच मिनिटांत उत्तर मिळतं, आणि उरलेल्या वेळी ते स्वतःच पुन्हा फाईल काढतात.

सिनसिनाटीचा_नाना:
डिक्सनचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. ताई, काय होतं ते इथे नक्की लिहा.

पाऊसवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी रात्री ईमेल पाठवला, नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला यात भिण्यासारखं काहीच नाही, आणि त्यानेच दोन स्पेलिंग सुधारली.

अपडेट, बारा दिवसांनंतर:
काल काउंटीच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या बाई फार चांगल्या होत्या, टेबल दिलं, पाणी दिलं, फोल्डर समोर ठेवलं. लेखापाल काका, तुमचं खरं निघालं, वर्षाचं युनिट दराचं टेंडर होतं, बिड टॅब्युलेशन फोल्डरमध्येच होतं, त्यात तीन कंपन्यांचे दर होते आणि या कॉन्ट्रॅक्टरचा सगळ्यात कमी होता. म्हणजे टेंडर चुकवलं ही माझी शंका चूक होती. मी ते तिथेच त्या बाईंना सांगितलं, हो, समाधान झालं म्हणून.

पण आता दुसरं निघालंय. तिन्ही बिलं मिळून २४ इंची पाईप २४० फूट लिहिलाय, फुटाच्या दराने. आम्ही टेपने मोजलेले नवे पाईप एक ३२ फूट आणि एक ३३ फूट, बास. काम बघितल्याच्या कागदावर सही आहे पण किती ठिकाणी बसवले ते लिहायची जागा कोरी आहे. इथे कोणी सिव्हिलवाले आहेत का? एका कल्व्हर्टला असा किती पाईप लागतो, आणि उरलेला कुठे जाऊ शकतो, वाया जातो का कापताना?

राऊंडरॉककर:
मी सिव्हिलच. कापताना इतका वाया जात नाही. पण एक विचारतो, तुम्ही फक्त रस्त्याखालचे मोजलेत ना? रस्त्याकडेच्या चरातून पाणी पुढे जायला प्रत्येक घराच्या ड्राईव्हवेखाली पण पाईप असतो, आणि काउंटी रस्त्याच्या कामात ते बऱ्याचदा बदलते. ते २० ते २४ फुटांचे असतात. सात-आठ ड्राईव्हवे झाले की तुमचा हिशोब जुळतो.

पाऊसवेडी:
ड्राईव्हवे नाही मोजले. आमच्या स्वतःच्या घरासमोरचा पण नाही बघितला. उद्या सकाळी मुलाला सोडून येते आणि आजींना घेऊन निघते, त्या बाजूला एकोणीस घरं आहेत. मोजून झालं की इथेच लिहिते.