मदत हवी आहे: व्यक्तिमत्त्व चाचणीवर किती विसंबायचं?

नमस्कार मंडळी. ऑफिसात आमची मायर्स-ब्रिग्ज चाचणी घेतली. त्यातल्या 16 प्रकारांपैकी माझा प्रकार अंतर्मुखांतला निघाला. सात महिन्यांनी पुन्हा दिली तर बहिर्मुख! दोन्ही वेळा माझे गुण मधल्या रेषेच्या आसपासच होते, आणि ही चाचणी माणसाला रेषेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे टाकते, मधे ठेवतच नाही. पण साहेब पहिल्याच निकालावरून म्हणतात की टीम सांभाळणं तुम्हाला जमणार नाही. फार लागलंय मनाला.

त्याच दिवशी एक कोडंही घातलं होतं. बॅट आणि बॉल मिळून 110 रुपये, बॅट बॉलपेक्षा 100 रुपयांनी महाग, तर बॉल केवढ्याला? मी पटकन 10 म्हटलं. उत्तर 5. मी घाईने ठरवते असं आई लहानपणापासून सांगत आलीये, ते तेव्हा पटलं. म्हणजे या चाचण्यांतून काहीतरी कळतं हे मलाही मान्य आहे.

‘बिग फाइव्ह’ कुणी दिली आहे का? तीत शिक्का न मारता प्रत्येक पैलू कमी-जास्त मोजतात. मराठीतून नीट केलेली मिळेल का? आणि साहेबांपुढे हे कसं मांडू? सोमवारी भेट आहे. मानसशास्त्र शिकलेल्यांनी जरूर लिहा.