सांगली–मिरज मार्गावर मोनोरेल उपयुक्त ठरेल का?

प्रश्न (विश्रामबागकर)
सांगली–मिरज रस्त्यावरील गर्दी पाहून येथे मोनोरेल उभारावी, असे आमच्या कट्ट्यावरील ज्येष्ठ मंडळी आग्रहाने म्हणतात. मुंबईची मोनोरेल मात्र २०१४ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आधुनिकीकरणासाठी बंद करावी लागली. इतक्या लवकर ती जर्जर का झाली? दोष तंत्रज्ञानाचा की मार्गाच्या निवडीचा?

उत्तर (निवृत्त अभियंता, मिरज)
महोदय, दोष दोन्हींचा असला, तरी माझ्या मते मार्गाचा अधिक. चेंबूर–वडाळा हा पहिला टप्पा बऱ्याच अंशी तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या परिसरातून जातो, आणि संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा पुढचा टप्पा सुरू होण्यास मार्च २०१९ उजाडला; तोवर ही गाडी अर्ध्या वाटेवरच फिरत राहिली. टोकियोची मोनोरेल १९६४ पासून टिकून आहे, कारण ती हानेदा विमानतळ थेट लोहमार्गाच्या स्थानकाशी जोडते. तंत्राची गोष्ट निराळी. गाडी काँक्रीटच्या एकाच तुळईवर रबरी चाकांनी धावते, त्यामुळे मार्ग बदलायचा तर तुळईच सरकवावी लागते. शिवाय सुटे भाग एकाच उत्पादकाकडून घ्यावे लागतात. गाड्या पुरवणारी मूळ मलेशियन कंपनी बाजूला झाल्यावर मुंबईत नेमकी हीच चणचण भासली.

उत्तर (सांगलीकर, सध्या चेंबूर)
१९ ऑगस्ट २०२५ रोजी पावसाने हार्बर लोकल ठप्प झाली आणि तिची गर्दी मोनोरेलकडे वळली. १०४ टन क्षमतेच्या गाडीचे वजन १०९ टनांवर गेल्याने वीजपुरवठ्याशी असलेला संपर्क तुटला, असे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सांगितले. पाचशेहून अधिक प्रवासी अडकले. तुळईच्या कडेला चालत बाहेर पडण्याची वाटच नसल्याने त्यांना अग्निशमन दलाच्या शिडीने उतरवावे लागले. ज्या दिवशी पर्यायाची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवशी तो कोलमडला, ही माझी मुख्य तक्रार आहे.

उत्तर (कृष्णाकाठ)
सांगली, विश्रामबाग आणि मिरज ही तिन्ही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत, हे कट्ट्यावरील मंडळींनी लक्षात घ्यावे. त्यावर सकाळ-संध्याकाळ छोट्या गाड्यांच्या फेऱ्या वाढवाव्यात, आणि रेल्वे स्थानकांपासून बाजारपेठेपर्यंत त्यांच्या वेळांशी जुळणाऱ्या बस सोडाव्यात, अशी मागणी त्यांनी करावी. महापुरात गावातील रस्ते पाण्याखाली जातात तेव्हा खांबांवरची गाडी कोरडी राहील, हे खरे. पण तिच्या जिन्यापर्यंत पोहोचायचे कसे, याचे उत्तर आधी मिळायला हवे.