मदत हवी आहे: ऑटोमॅटिकचं इंजिन मॅन्युअल गाडीत बसेल का?

गाडी होंडा सिटी, २०१५, पेट्रोल, मॅन्युअल. पावसात इंजिनात पाणी शिरलं, कनेक्टिंग रॉड वाकला. नव्या इंजिनाचा भाव ऐकून हात टेकले. कुर्ल्याला त्याच मॉडेलचं जुनं इंजिन मिळतंय, पण ऑटोमॅटिकमधून काढलेलं. विकणारा म्हणतो, 'काही फरक नसतो साहेब, डोळे मिटून घ्या.'

ऑटोमॅटिकच्या इंजिनामागची पातळ चकती (फ्लेक्सप्लेट) काढून तिथे माझं फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ती जड चकती, आणि क्लच लावायचा, एवढं कळतं. फ्लायव्हील जाड, म्हणून बोल्टही माझेच लांब वापरायचे. पण क्रँकच्या (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाची बोल्टची भोकं जुळतात का? वायरिंग आणि ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) माझेच ठेवले तर सेन्सर नीट चालतील ना? प्रत्यक्ष बसवलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.

आणि हो, आरसीवर इंजिन नंबर बदलायचा तर खरेदीची पावती हवी. ती मागितली की हा गृहस्थ विषयच बदलतो!